घोळक्यातला ठिपका

डॉ. शिकलगारांनी अहवाल टेबलावर उलटा फिरवला आणि पेनच्या टोकानं आलेखातल्या एका उभ्या खांबावर टकटक केलं.

"हे बघा, तीन तारे. मूत्रपिंडाच्या रकान्यात तीन तारे आले की दात्याला परत पाठवायचं, असा नियमच आहे. माझ्या हातात काही नाही."

रोहिणीकाकूनं चष्मा नाकावर चढवला, वाकून ते तारे पाहिले आणि शेजारी बसलेल्या पुतणीला म्हणाली, "छान काढलेत गं. कुणी काढले असतील?"

अवनीला कुठे तोंड लपवू असं झालं. कारण ते तारे तिनंच काढले होते. म्हणजे मोजणी यंत्राची, गणित संगणकाचं, पण त्या गणिताचं चित्र कसं दिसावं हे ठरवायचं काम सांगलीच्या 'जनुकदर्शी' कंपनीत अवनी कुंभोजकरचं. खांब किती जाड, रंग कुठला, तारा कुठे बसवायचा, हे सगळं तिच्या हातचं. आणि आता त्याच ताऱ्यांनी काकूला घरी पाठवलं होतं.

काकांची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा मिरजेच्या इस्पितळात यंत्राला जोडून घ्यायचं आणि संध्याकाळी पिळून काढल्यासारखं घरी यायचं, असं वर्षभर चाललं होतं. अवनीचं मूत्रपिंड त्यांच्याशी जुळत नव्हतं. जुळत होतं फक्त काकूचं, आणि ते इतकं छान जुळत होतं की डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. बाकीच्या सगळ्या तपासण्या पार पडल्या आणि शेवटच्या कागदावर हे तीन तारे उगवले.

आता हा काय प्रकार आहे ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पाककृतींचं एकच जाडजूड पुस्तक असतं. यकृतातली पेशी त्यातली काही पानं उघडते, मूत्रपिंडातली दुसरी काही. पान उघडलं की त्याची नक्कल निघते, आणि त्या नकलेवरून पदार्थ शिजतो. या पानांना जनुकं म्हणतात. पुस्तक नुसतं वाचलं तर पुढेमागे काय होऊ शकेल याचा अंदाज येतो. पण नकला मोजल्या तर या घटकेला आत काय शिजतंय तेच कळतं. पूर्वी ही मोजणी म्हणजे मोठ्या प्रयोगशाळांचं काम होतं. आता यंत्र मिक्सरएवढं झालं होतं आणि तालुक्याच्या गावीही रक्ताच्या थेंबातून नकला मोजून मिळत होत्या.

पण मोजलेला आकडा कधी जागच्या जागी उभा राहत नाही. एकाच हातचा चहा आज जरा गोड होतो, उद्या जरा अगोड, तसा तो हलत असतो. मग काकूचा आकडा निरोगी माणसांपेक्षा जास्त आला, तर तो खरोखर जास्त की नुसता योगायोग? इथे संख्याशास्त्र पुढे येतं आणि जरा अडनिडाच प्रश्न विचारतं. समजा फरक मुळीच नाही, तर निव्वळ योगायोगानं एवढं अंतर पडायची शक्यता किती? ती कमी असली की एक तारा. फार कमी असली की दोन. अगदीच नगण्य असली की तीन. म्हणजे तारा एवढंच सांगतो, की बाबा रे, हा योगायोग दिसत नाही. फरक मोठा आहे की चिमूटभर, तो कशानं पडला, त्यानं माणसाचं वाईट होणार की काहीच होणार नाही, यातलं एक अक्षर तो सांगत नाही. पण कागदावर तीन तारे बघून घाबरलेल्या माणसाला हे कोण समजावत बसणार?

अवनीचे आईवडील बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरले आणि ती काकाकाकूंकडे मिरजेत वाढली. सुहासकाकांचा स्टेशन रोडला फोटो स्टुडिओ होता. शाळेतून आली की ती तिथेच पडून असायची. लग्नाच्या मुलींच्या फोटोंतले मुरमांचे डाग पुसायचं काम तिला सगळ्यात आवडायचं. गाल कसा लोण्यासारखा व्हायचा. पुढे कंपनीत लागल्यावरही तिनं तेच केलं. सुरुवातीच्या अहवालांत निरोगी माणसांच्या गटातला प्रत्येकजण एक ठिपका होऊन दिसायचा. डॉक्टर वैतागले. ही मुंग्यांची वारुळं बघायला आम्हाला वेळ नाही म्हणाले. मग अवनीनं सगळे ठिपके झाडून टाकले, त्यांच्या सरासरीचा एक सुबक खांब उभा केला आणि वर तारे लावले. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. इस्पितळांनी त्या ताऱ्यांवर नियम बसवले. मूत्रपिंडाचा रकाना त्यानंतर आला, त्यामुळे त्याचे ठिपके कुणी पाहिलेच नव्हते.

डॉक्टरांकडून ती सरळ कचेरीत गेली आणि जे कधी करायची वेळ आली नव्हती ते तिनं केलं. खांब उचलला आणि खालचे ठिपके पुन्हा पसरले.

आणि बघतच राहिली.

ठिपके एका घोळक्यात नव्हतेच. खाली एक मोठा घोळका होता, भरगच्च. मध्ये मोकळी जागा. आणि वर एक छोटा घोळका, बाजूला जाऊन उभा राहिलेला. सरासरीचा खांब मोठ्या घोळक्याच्या डोक्याजवळ संपत होता, त्यामुळे वरच्यांचा पत्ताच लागत नव्हता. काकूनं निरनिराळ्या सकाळी रक्त दिलं होतं. तिचे सगळे ठिपके त्या वरच्या छोट्या घोळक्यात जाऊन बसले होते, जणू तिथलीच माणसं.

वरचेही निरोगीच होते की. निरोगी म्हणून पारखून घेतलेले. मग ते वर का? अवनीला भूक लागली होती, फोन वाजत होता, पण तिला त्या मोकळ्या जागेचं कोडं पडलं होतं आणि ते सुटल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडणार नव्हतं. तिनं वय लावून पाहिलं. स्त्री-पुरुष वेगळे करून पाहिले. रक्तगट, वजन, यंत्र, सगळं पाहिलं. घोळके काही हलेनात.

डॉ. मुळगुंद म्हणजे कंपनीतल्या संख्याशास्त्राच्या प्रमुख. बाई कडक, पण खोट्या नव्हेत. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"घोळके आहेत खरे," त्या म्हणाल्या. "पण अवनी, तुझी काकू नसती तर तू हा खांब उचलला असतास?"

"नसता उचलला."

"मग हेही लक्षात घे. ज्याला जे हवं असतं ते त्याला ठिपक्यांत दिसतं. आपण ढगात हत्ती बघतो तसं. वीस गोष्टी लावून पाहिल्यास, एकविसावी जुळेलच. कारण शोध, पण ते शोधल्यावर आधी भाकीत कर आणि मग मोजायला ये. तोवर तारे तसेच राहतील."

"मूत्रपिंडाच्या रकान्यातलं हे जनुक आणखी कशानं वाढतं, मॅडम?"

"मूत्रपिंडावर ताण आला की वाढतं. उपाशी राहिलं तरी वाढतं. म्हणून तर सगळ्यांना सारखंच उपाशीपोटी बोलावलं होतं. निरोगी गटालाही, दात्यांनाही. ती वाट आपण आधीच बंद केली आहे."

अवनीचा चेहरा पडला. तरी ती त्याच संध्याकाळी मिरजेला गेली आणि काकांना सगळं सांगितलं. काका खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "तारे आलेत ते बरंच झालं. हिचं शरीर धड आहे, ते का चिरायचं?"

"पण काका, ते तारे कदाचित चुकीचे—"

"हे बघ अवनी. त्या कवठेकरांच्या मुलीच्या गालावरचा तीळ मी पुसला होता, आठवतं? मुलाकडचे आले, मुलगी बघितली आणि म्हणाले, फोटोतली कुठाय? तिचा बाप दुकानात येऊन रडला माझ्यापुढे. त्या दिवसापासून मी तीळ पुसायचे सोडले." त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "माझ्यासाठी तू हिचा तीळ पुसू नकोस. तसलं मूत्रपिंड मला नको."

अवनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काका आपल्याला लबाड समजतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. बरं, काकांशी वाद घालण्यातही अर्थ नव्हता. या माणसानं जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आमटीत मीठ नसलं तरी मुकाट जेवून उठायचे, आणि ताटातली उरलेली आमटी बघून काकूला कळायचं. मूत्रपिंडाचंही तसंच झालं होतं. काकूनं परस्पर ठरवलं होतं, तपासण्या करून घेतल्या होत्या, आणि काका हो म्हणाले नव्हते की नाही म्हणाले नव्हते. आता ताऱ्यांनी त्यांची सुटका केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या भाटेबाई काकांची चौकशी करायला आल्या. टेकल्या न टेकल्या तोच काकूनं त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

"अगं, मी घरून खाऊन आलेय रोहिणी."

"असू दे. एवढ्याशानं काय होतंय."

भाटेबाईंनी घास घेतला आणि अवनीकडे बघून हसल्या. "तुझ्या काकूच्या हातचे पोहे म्हणजे काय विचारतेस. तुमच्या कंपनीचं ते निरोगी माणसांच्या रक्ताचं शिबिर नव्हतं का आमच्या शाळेच्या हॉलमध्ये? मी सुईला एवढी घाबरते, पण हिनं आधी पोहे दिले, गोड चहा दिला, तेव्हा कुठे धीर आला."

अवनीच्या हातातला कप तसाच राहिला. "कधी दिले? रक्त काढायच्या आधी?"

"आधी नाहीतर काय."

"काकू, तिथे उपाशीपोटी या म्हणून फलक होता ना गं?"

"होता की." काकूच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. "आम्ही महिला मंडळाच्या बायका व्यवस्थेला होतो. लोक सकाळपासून ताटकळलेले, यंत्र बिघडलेलं, म्हातारी माणसं कोमेजून गेलेली. दारी आलेल्या माणसाचं रक्त काढून घ्यायचं आणि वर उपाशी ठेवायचं, ही कुठली रीत? मागच्या खोलीत शेगडी होतीच. आत जाण्याआधी एकेकाला गुपचूप बशी दिली. तुमच्या त्या सुईवाल्या मुलींनाही दिली."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना कशी देणार? श्रावणी सोमवार होता तो. ज्यांचा उपवास होता ते तसेच राहिले बिचारे." काकूनं मोठा सुस्कारा सोडला. "साबुदाणा भिजवायचा राहून गेला होता. अजून मनाला लागून आहे माझ्या ते."

अवनी उठली आणि तिनं काकूला घट्ट मिठी मारली. काकूला कळेना की हिला झालंय काय. अवनीला मात्र ती मोकळी जागा डोळ्यांपुढे लख्ख दिसत होती. खालचा मोठा घोळका म्हणजे पोहे खाल्लेले. वरचा छोटा म्हणजे सोमवार धरलेले. आणि काकू? दुसऱ्यांना खाऊ घालण्यात नियम न पाळणारी काकू स्वतःच्या तपासणीला इतकी कडक राहिली होती, की चुळीशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. तिच्याच पोह्यांनी तिला तीन तारे लावले होते.

तिनं तिथूनच मुळगुंदबाईंना भाकीत लिहून पाठवलं. उपाशीपोटी ठिपका वर जाईल, पोह्यांनंतर तोच माणूस खाली येईल, आणि हे फक्त काकूचं नव्हे, कुणाचंही होईल.

उत्तरात बाईंनी एवढंच कळवलं: "पोहे घेऊन या."

काकूला तर आकाश ठेंगणं झालं. आजवर तिचे पोहे सगळ्यांनी मागितले होते, पण संशोधनाला कुणी मागितले नव्हते. "शेंगदाणे घालू ना? प्रयोगाला चालतील?" असं तिनं दोनदा विचारून घेतलं. कंपनीतली माणसं रिकाम्या पोटी आली, रक्त दिलं, पोहे खाल्ले, थांबली आणि पुन्हा रक्त दिलं. कुठली नळी कुणाची हे मुळगुंदबाईंनी स्वतःपाशी ठेवलं. अवनीला आधी कळता कामा नये, हा त्यांचा हट्ट.

ठिपके पडद्यावर आले. वर एक घोळका, खाली एक घोळका, मध्ये तीच मोकळी जागा. मग बाईंनी नावं उघडली. काकूचा उपाशी ठिपका वर होता, पोह्यांनंतरचा खाली. बाकीच्यांचंही तसंच. फक्त हिशेब विभागातले केसरकर घोटाळा करत होते. त्यांचा उपाशी ठिपकाही खालीच होता.

"केसरकर, तुम्ही उपाशी आला होतात ना?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम. अगदी रिकाम्या पोटी."

"काहीच घेतलं नव्हतं?"

"काही नाही. चहा तेवढा. आणि चहाबरोबर बिस्किटं." केसरकर गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागले. "चहा म्हणजे काय खाणं थोडंच?"

लोक हसले. मुळगुंदबाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे जे दाते चहा ढोसून आले त्यांना आपण पास केलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि ज्यांनी आपलं ऐकलं त्यांना परत पाठवलं."

मग कुणालाच हसू येईना. परत पाठवलेल्या दात्यांना फोन करायचं काम अवनीनं मागून घेतलं. बहुतेकजण आधी चिडले, मग पुन्हा यायला तयार झाले. एका घरी बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता नको. ते गेले." फोन ठेवल्यावर अवनी जिन्यात जाऊन बसली आणि मोठ्यानं रडली. पोहे काकूचे होते, पण त्यांनी पडलेली फट झाकून टाकणारा खांब अवनीचा होता. खांब नसता तर ती मोकळी जागा पहिल्याच दिवशी कुणाच्याही डोळ्यांत भरली असती.

निरोगी गटाचं शिबिर पुन्हा झालं, त्याच हॉलमध्ये. या वेळी काकूला मुद्दाम दारावर उभं केलं होतं. तिच्यापुढून पेपरमिंटची गोळीसुद्धा आत गेली नाही. रक्त देऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मात्र तिनं बसवून पोहे खायला घातले, आणि उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडीही होती.

अवनीनं अहवालाचं चित्र नव्यानं काढलं. खांब गेला. प्रत्येक माणूस पुन्हा ठिपका होऊन आला, दाता त्यांच्यात वेगळ्या रंगानं. तारा ठेवला, पण खाली कोपऱ्यात, बारीक, आणि त्याच्या शेजारी फरक किती हे साध्या मराठीत. काही डॉक्टरांनी कुरकुर केली. मुळगुंदबाईंनी त्यांना सांगितलं, की पाच मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

काकूचा नवा अहवाल डॉ. शिकलगारांनी बराच वेळ पाहिला, बाकीच्या तपासण्या पुन्हा चाळल्या आणि म्हणाले, "माझी काही हरकत नाही. आता तुम्ही तुमच्या घरात ठरवा."

घरात ठरवणारे काका खिडकीपाशी बसले होते. अवनीनं तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तीळ पुसून आणलास?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. मी पुसलेले होते ते सगळे परत आणलेत. तुम्हीच बघा."

काकांनी टेबलाच्या खणातलं जुनं भिंग काढलं. स्टुडिओत निगेटिव्ह तपासायला वापरायचे तेच. ते कागदावर ठेवून वाकले आणि एकेका ठिपक्यावरून सावकाश सरकू लागले. शाळांचे समूहफोटो काढले की ते असंच एकेक चेहरा तपासायचे, कुणाचे डोळे मिटले, कुणाची मान वळली. अवनी शेजारीच उभी होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"इथं आहे होय," काका पुटपुटले. "मधल्या रांगेत. नेहमी मागे जाऊन उभी राहते."

"सगळ्यांसारखीच आहे ती, काका. निरोगी."

"दिसतंय मला."

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, पण मान वर केली नाही. कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. आता यांची लपायची जागा गेली, हे अवनीला कळलं, आणि आपण इथे असावं की नसावं हे तिला कळेना.

"रोहिणी," काका म्हणाले. मग खाकरून पुन्हा म्हणाले, "रोहिणी, मला देशील का?"

काकूनं पदरानं डोळे टिपले.

"देईन की," ती म्हणाली. "तुम्ही मागितलंत कधी?"